वाटणी जमिनीची करायची की उत्पन्नाची?



लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की आमच्या विभागाच्या खिडकीवर दरसाल एक ठरलेला देखावा पाहायला मिळतो. सातबारा घेऊन एक सभासद येतो आणि म्हणतो, "साहेब, चार एकराची नोंद माझ्या नावानं घ्या." नोंद होते, तो सायकलस्टँडपर्यंत जातो न जातो तोच मघापासून निंबाखाली उभा असलेला त्याचा भाऊ खिडकीशी येतो. "साहेब, त्यातलं दोन एकर माझं हाय. बिल अडवून ठेवा." सातबारा काढून बघावा तर वडिलांच्या मागे पाच नावे सामाईक. शेतात मात्र बांध पडलेला, सऱ्या वेगळ्या, मोटार वेगळी. कागदावर एकत्र आणि रानात वेगळे, अशी ही अवस्था.

आजवर या पानांतून मी बेणे, माती परीक्षण, खोडव्यातील पाचट अशा विषयांवर लिहीत आलो. मी शेतकी पदविकेचा माणूस, वकील नव्हे. तरीपण वीस वर्षे शेताच्या बांधावरून फिरल्यावर माझे असे मत झाले आहे की, आपल्या भागात एकरी उतारा खतामुळे जेवढा घटला नसेल तेवढा वाटणीच्या पद्धतीमुळे घटला आहे. वारसा म्हटले की आपण भावकी, मान-अपमान आणि कोर्ट यांचाच विचार करतो. जरा खर्च-उत्पन्नाचा विचारही करून पाहू.

प्रथम टेप घेऊन शेतात जाऊ. ३३० फूट रुंद आणि ५२८ फूट लांब असे रान धरा. ते बरोबर चार एकर भरते. रस्ता ३३० फुटांच्या बाजूला. चार वारस. प्रत्येकाला रस्ता लागला पाहिजे म्हणून गावात वाटे लांबीने पाडतात. म्हणजे प्रत्येकाची पट्टी ५२८ फूट लांब आणि साडेब्याऐंशी फूट रुंद. मध्ये तीन बांध. बांध तीन फुटांचा धरला (काहींचे बांध दरवर्षी नांगराने बारीक होतात, तो विषय वेगळा!) तरी तीन बांधांत ४,७५२ चौरस फूट जमीन गेली. १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, म्हणजे चार गुंठ्यांहून जास्त. एकरी चाळीस टन धरले तर गुंठ्याला एक टन. दर पिकाला चार टनांवर ऊस बांधाखाली गाडला गेला. वाटे रुंदीने पाडले तर मागच्या तिघांसाठी आठ फुटी गाडीवाट सोडावी लागते, आणि नुकसान साडेपाच गुंठ्यांच्या पुढे जाते.

हे झाले एका पिढीचे. पुढे प्रत्येकाला दोन-दोन वारस झाले की आठ पट्ट्या, सात बांध. बांधाखाली दहा गुंठे! पट्टीची रुंदी एक्केचाळीस फूट, बांध वजा जाता साडेचार फुटी सरीच्या आठ सऱ्या. एकाची आडसाली, दुसऱ्याचा सुरू, तिसऱ्याचा खोडवा, चौथ्याने गहू केलेला. टोळीला एकाच रानात चारदा यावे लागते, म्हणून ती नाखूष. तोडणी यंत्र आणावे तर पलीकडच्या टोकाला वळायला शेजाऱ्याचा कोवळा ऊस आडवा. मग तोड लांबते, तुरा येतो, वजन घटते आणि सभासद आमच्या नावाने खडे फोडतात.

हे दुखणे आजचे नाही. डॉ. हॅरॉल्ड मॅन या शेतीतज्ज्ञाने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावात खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. (आज त्या गावात ऊसही नाही आणि बांधही नाही, सगळे फ्लॅट.) आपल्या सबंध राज्याचा आकडा बघायचा तर कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ साली खातेदाराची सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ साली १.३४ हेक्टर झाली. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले.

त्या काळी मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांनी उपाय सुचवला होता की, पोट भरेल एवढे क्षेत्र सरकारदरबारी नोंदवावे आणि ते पुढे एकाच वारसाकडे जावे, त्याची वाटणी होऊ नये. इंग्लंडात थोरल्या मुलालाच सगळी जमीन, अशी चाल १९२५ च्या कायद्याने मोडेपर्यंत होतीच. कीटिंगसाहेबांच्या सूचनेचा समाचार १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणांवरच्या आपल्या लेखात घेतला. अर्थशास्त्राचा हा लेख आपल्याकडे फारसा कोणी वाचत नाही. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर औते, बैल, पाणी, भांडवल किती लावता त्यावरून ठरते. भांडवल तोकडे असेल तर दहा एकरसुद्धा न पेलणारेच. आणि जमिनीवर बसलेल्या जादा माणसांना उद्योगधंद्यात काम मिळाल्याशिवाय नुसते तुकडे जोडून काही साधणार नाही. शंभर वर्षांनंतर ठिबक केलेले एक एकर आणि विहीर आटलेले पाच एकर शेजारी शेजारी पाहिले म्हणजे हे बोलणे पटते.

तेव्हा एकाला सगळे आणि बाकीच्यांना काही नाही, हा मार्ग आपला नव्हे. तो न्यायाचाही नव्हे. कायद्याने समान वाटा दिला आहे आणि तो तसाच असावा.

आता मुख्य मुद्दा. कायदा हिस्सा देतो. रान फाडा असे तो कुठेही म्हणत नाही! १९५६ चा हिंदू वारसा कायदा सांगतो की, वडिलांच्या मागे पत्नी, मुले, मुली, आई यांना सारखा हिस्सा. हिस्सा म्हणजे मालकी. वहिवाट कोणी करायची, हे घरच्यांनी ठरवायचे आहे. उलट १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा रोख तुकडे पाडू नका असाच आहे. वाटणीत ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडत असेल तर तो दुसऱ्या हिस्सेदाराकडे द्यावा आणि ज्याचा गेला त्याला पैशात भरपाई द्यावी, अशी त्यात सोय आहे. हे क्षेत्र २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे असे केले गेले. पण आपण काय करतो? कागदाला हात लावत नाही, तोंडी वाटणी करतो आणि रातोरात बांध घालतो. मग पीककर्जाला अडचण, ठिबकच्या अनुदानाला अडचण आणि शेवटी निंबाखालचा भाऊ.

वाटून घेतल्याने तोटा आहे, तसा एकत्र ठेवण्यातही आहे, हे मी लपवत नाही. आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

आजोबांची विहीर तिघा भावांत सामाईक होती. पाळ्या ठरलेल्या, तीन-तीन दिवसांच्या. विहिरीत गाळ साठत गेला. गाळ काढायचा खर्च एकाने करायचा तर पैसे पूर्ण त्याचे जाणार आणि जादा पाणी मिळणार तिसऱ्या हिश्शाचे. म्हणून कोणीच काढला नाही. अकरा वर्षे! तिघेही शहाणे, तिघेही कष्टाळू, आणि प्रत्येकाचा हिशोब आपापल्या जागी बरोबर. मी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होतो, १९९९ सालच्या एप्रिलमध्ये मोटार जळाली. थोरल्या चुलत्यांची पाळी चालू होती, म्हणून आमचे आण्णा म्हणाले, ज्याच्या पाळीत जळाली त्यानं भरावं. चुलते म्हणाले, मोटार जुनी, तिघांनी भरावं. धाकटे चुलते कोणाशीच बोलत नव्हते. मोटार भरून आणायला जो खर्च आला असता त्याच्या कितीतरी पट खोडवा सात आठवड्यांत डोळ्यांदेखत वाळला. मी सुट्टीला घरी आलो तेव्हा वर्गात शिकलेले पाण्याच्या ताणाचे प्रकरण शेतात बघायला मिळाले.

पुढे तिघांनी तीन बोअर मारले. तीन वीजजोडण्या, तीन पाइपलाइनी. त्यातले दोन बोअर आज कोरडे आहेत.

अर्थशास्त्रात रोनाल्ड कोझ नावाचे गृहस्थ होऊन गेले, १९९१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या विचाराचा माझ्यासारख्याला कळलेला अर्थ असा की, कायद्याने वस्तू कोणालाही देवो, आपापसात बोलणी करायला खर्च नसेल तर ती वस्तू शेवटी तिचा सर्वांत चांगला उपयोग करणाऱ्याकडे जाते आणि बाकीच्यांना मोबदला मिळतो. मेख सगळी बोलणीच्या खर्चात आहे. आपल्याकडे बोलणीला पैसा लागत नाही, पण अबोला, भावकीतले सल्लागार आणि "मी आधी का बोलू" हा हट्ट, हा सगळा खर्चच की. आण्णा आणि चुलते यांच्यात सात आठवडे जे चालले ते हेच.

हा खर्च कमी करायच्या जुन्या युक्त्या आपल्याकडे आहेत. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही रीत कोणी पुस्तकातून आणली नाही. वाटे पाडणाऱ्याला माहीत असते की लबाडी केली तर वाईट वाटा आपल्याच गळ्यात पडणार. पण ही रीत बांध घालूनच संपते. बांध न घालता सुटायचे तर दुसरी वाट आहे, आणि ती कायद्यातच आहे. वारसा कायद्याचे कलम २२ असे की, वारसांपैकी एकाला आपला हिस्सा विकायचा असेल तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा. किमतीवर एकमत झाले नाही तर कोर्ट ठरवील. आणि घेणारे दोघे-तिघे निघाले तर जो जास्त देईल त्याला. हे शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. घरातल्या घरात लिलाव म्हणा ना! बाहेरचा गुंठेवारीवाला मध्ये शिरायच्या आधी घरच्यांना संधी.

यावर लगेच प्रश्न येतो, "साहेब, जास्त बोली करायला पैसा कुणाकडं हाय?" खरे आहे. जो शेतात राबतो त्याच्याकडेच रोकड नसते, आणि जो पुण्याला नोकरीत आहे त्याला कर्ज लगेच मिळते. नुसती बोली लावली तर रान कसणाऱ्याच्या हातून जाऊन पगारवाल्याकडे जाईल. म्हणून हप्ते हवेत. विकायचे नसेल तर खंड हवा. एकाने चारही एकर एकत्र कसावे आणि बाकीच्या तिघांना दर पिकाला ठरलेला खंड द्यावा.

हिशोबापुरते आकडे धरू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली उसाची किंमत १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार हातात आले असे समजू. चार एकर एकत्र, १६० टन, चार लाख ऐंशी हजार. तेच रुंदीने फाडले तर साडेपाच टन कमी, म्हणजे साडेसोळा हजार रुपये दर पिकाला गेले. शिवाय चार मोटारी, चार बोअर, चार ठिकाणी मशागतीचे भाडे. हा जो पैसा वाचतो त्यातूनच खंडाचा मोठा भाग निघतो. कसणाऱ्याला वेगळा काढावा लागत नाही.

खंड म्हटले की माणसे कुळाला भितात. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाची आठवण खेड्यात अजून पुसलेली नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांना मिळाल्या, दोघांच्याही घरात ती आहे. कुळकायद्यात मालकाच्या कुटुंबातल्या माणसाला कूळ धरलेले नाही, पण कुटुंब कोणाला म्हणायचे यावर वाद होऊ शकतो. तेव्हा लिहून घ्या, मुदत घाला आणि शंभराच्या स्टँपवर चहाच्या टपरीत न लिहिता वकिलाला दाखवून लिहा. न लिहिण्याने कोणाचे भले झालेले मी पाहिले नाही.

आता बहिणींचे. इथे मी उपदेश करायला लायक नाही, म्हणून घडले ते सांगतो.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सरसकट सर्व मुलींना जन्माने मिळाला. वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. आणि "आमची तोंडी वाटणी पूर्वीच झाली होती" ही सबबही आता सहसा टिकत नाही. आमचे आण्णा २०११ साली गेले. महिन्याच्या आत मी आक्काला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोड करून घेतली. ती काही बोलली नाही. येताना तिला साडी घेतली. सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी.

पुढे २०१७ साली तिच्या मुलाच्या शिक्षणाला पैसे लागले, ते तिने सावकाराकडून दोन रुपये शेकड्याने काढले. आम्हाला कळवलेसुद्धा नाही. मला वर्षाने कळले. त्या रात्री मी वहीत मांडले: तिच्या वाट्याचे एक एकर, वर्षाला पंचवीस हजार खंड धरला तर सहा वर्षांचे दीड लाख. त्या साडीची किंमत तिला दीड लाख पडली होती, आणि वर व्याज.

बहिणी सही का देतात? माया असतेच. पण त्यात हिशोबही असतो आणि तो चुकीचा नसतो. सासरी काही झाले तर माहेरचे दार उघडे राहावे, म्हणून त्या आपला वाटा देऊन एक प्रकारचा विमा उतरवतात. फक्त या विम्याचा कागद त्यांच्याकडे नसतो. हप्ता एकदम भरलेला असतो आणि भरपाई भावजयीच्या मर्जीवर. डाइनिंगर, गोयल आणि नागराजन या अभ्यासकांनी २०१३ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतील घरांचा अभ्यास मांडला. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मुलींना जमीन मिळण्याचे प्रमाण वाढले, पुरते समान झाले नाही. पण मुलींचे शिक्षण वाढले आणि लग्नाचे वयही पुढे गेले, असे त्यांना दिसले. म्हणजे हक्क कागदावर असला तरी घरात त्याचे वजन पडते.

हक्कसोड परत फिरवणे सोपे नाही, असे वकिलांनी मला सांगितले. पैसे मात्र फिरवता येतात. गेल्या तीन हंगामांपासून आमच्या बिलाच्या पहिल्या उचलीतून तिच्या खात्यावर खंड जातो. पहिल्या वर्षी तिने तो परत पाठवला होता.

आणखी एक बाजू राहिली. एक मुलगा घरी राहतो, आई-वडिलांचे दुखणे काढतो, माळ फोडून रान सपाट करतो. दुसरे शहरात जातात. वाटा मात्र सारखा. आपण केलेली सुधारणा उद्या चार जणांत वाटली जाणार हे माहीत असलेला मुलगा ठिबकला पैसा का घालील? मी असे तरुण शेतकरी रोज बघतो. शेणखत टाकतील, कारण ते यंदाच उगवते. चुन्याचा किंवा निचऱ्याचा खर्च म्हटला की गप्प बसतात. यावर उपाय वडिलांच्या हातात आहे. हयातीतच सर्वांना बसवून, मुलींनासुद्धा बोलावून, कोणी काय घातले याची नोंद करावी आणि वाटणीच्या वेळी ती रक्कम आधी वजा करावी. मृत्युपत्र आपल्या स्वतःच्या हिश्शापुरते करता येते. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. मात्र मृत्युपत्राचा उपयोग मुलींना वगळण्यासाठीच करायचा, अशी जी नवी टूम निघाली आहे तिला माझा पाठिंबा नाही. रीतसर वाटणीपत्र करायचे असेल तर मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय घेतला आहे, म्हणजे खर्चाचे कारणही आता फारसे उरले नाही.

शेवटी आपल्या शेअरविषयी, कारण खिडकीवर सर्वांत जास्त गैरसमज त्याचाच असतो. जमिनीसारखा शेअर फाडता येत नाही. एका सभासदाला एक मत. शेअर दोघा-तिघांच्या नावे असेल तर दाखल्यावर ज्याचे नाव पहिले, तो हजर असल्यास मत त्याचे. वारस नेमला म्हणजे तोच मालक झाला असे नव्हे. कारखान्याने कोणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरते ते नाव असते, वारसांचे आपापसातले हक्क वारसा कायद्यानेच ठरतात. पण नावच दिलेले नसेल तर वारस ठरेपर्यंत शेअर, ठेव आणि राहिलेले बिल सगळेच अडकून पडते. आपल्या रजिस्टरात वारसाचा रकाना कोरा असलेले सभासद पुष्कळ आहेत, आणि काहींनी चाळीस वर्षांपूर्वी दिलेले नाव आता हयात नाही.

वारस नोंदीचा फॉर्म गट ऑफिसात विनामूल्य मिळतो. येताना शेअर दाखला, ताजा सातबारा, आठ-अ आणि दोन साक्षीदार आणावेत. सामाईक सातबाऱ्यावर ऊसनोंद द्यायची असेल तर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचे संमतिपत्र सोबत असावे, म्हणजे बिलाच्या दिवशी खोळंबा होणार नाही. गुरुवारी मी पूर्ण दिवस ऑफिसातच असतो. भाऊ-बहिणींनी एकत्र आले तर बसायला बाक आहे.

— ऊस विकास अधिकारी